थकलेल्याला 'थकलो' म्हणता यावे



१९ नोव्हेंबर २०२३ चा रविवार आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सलग दहा सामने जिंकून आलेला भारतीय संघ त्या रात्री ऑस्ट्रेलियाकडून हरला आणि घराघरांत शांतता पसरली. आपण हळहळलो, दोन-तीन दिवस त्याच विषयावर बोललो. पण चौथ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, विशाखापट्टणमच्या मैदानावर हेच दोन देश पुन्हा एकमेकांसमोर उभे होते. टी-२० सामन्यांची नवी मालिका सुरू झाली होती. अंतिम सामना खेळलेला मुंबईकर सूर्यकुमार यादव आता कर्णधार म्हणून नाणेफेकीला आला होता. ज्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी विश्वचषक जिंकला, त्यांतलेही काही जण घरी न जाता इथेच थांबले होते.

हरलेल्याला दुःख करायला आणि जिंकलेल्याला आनंद करायला धड एक आठवडाही मिळू नये? हा प्रश्न वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर सोडून देण्यासारखा वाटेल. पण थोडा विचार केला तर लक्षात येते की हा प्रश्न माणसाविषयीचा आहे. माणसाच्या थकव्यावर कोणाचा अधिकार? 'आता पुरे' हे कोणी ठरवायचे? आणि भरपूर पैसे दिले की हा प्रश्न मिटतो का?

वेळापत्रक कसे फुगले?

सुनील गावसकर १९७१ ते १९८७ अशी सोळा वर्षे भारतासाठी खेळले. त्या काळात त्यांनी १२५ कसोटी आणि १०८ एकदिवसीय सामने खेळले. विराट कोहलीने २०२५ मध्ये कसोटीतून निवृत्ती घेतली, तेव्हा त्याच्या नावावर १२३ कसोटी होत्या. म्हणजे जवळपास तितक्याच. पण त्याच्या जोडीला तीनशेहून अधिक एकदिवसीय सामने, १२५ आंतरराष्ट्रीय टी-२० सामने आणि आयपीएलचे अडीचशेहून अधिक सामने होते. शरीर तेच, वर्षाचे दिवसही तेच ३६५. सामने मात्र कितीतरी पटींनी वाढले.

जुन्या वाचकांना आठवत असेल की पूर्वी कसोटी सामन्याच्या मध्ये एक विश्रांतीचा दिवस असे. इंग्लंडमध्ये तो बहुधा रविवारी येई. १९८१ पासून तिथे रविवारीही कसोटीचा खेळ होऊ लागला आणि पुढे १९९० च्या दशकात विश्रांतीचा दिवस जवळपास सगळीकडूनच नाहीसा झाला. आता तो अगदी क्वचित दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेतील गॉल येथे न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत असा एक दिवस ठेवला होता, कारण त्या दिवशी देशात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. म्हणजे खेळ थांबवता येत नाही असे नाही. मतपेटीसाठी तो थांबतो. थकलेल्या माणसासाठी थांबत नाही, एवढेच.

२०२३ ते २०२७ या काळासाठी आयसीसीने पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचा जो कार्यक्रम जाहीर केला, त्यात ७७७ सामने होते. आधीच्या कार्यक्रमात ते ६९४ होते. शिवाय देशोदेशीच्या टी-२० लीग वेगळ्या. आपली आयपीएल २००८ साली ४४ दिवसांत आटोपली होती. २०२२ पासून दहा संघ आणि ७४ सामने झाले. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एका सामन्यामागे हिशेब केला तर सुमारे ११८ कोटी रुपये.

या आकड्यांतच दुखण्याचे मूळ आहे. सामना खेळला जाण्याच्या कितीतरी आधी तो विकलेला असतो. वेळापत्रकातील रिकामा आठवडा म्हणजे हिशेबाच्या वहीत बुडालेले उत्पन्न. लहान देशांच्या मंडळांची अवस्था तर आणखी बिकट आहे. भारतीय संघ दौऱ्यावर आला तर त्यांची तिजोरी भरते, नाही आला तर कर्मचाऱ्यांचे पगार कसे द्यायचे याची चिंता. म्हणून या गोष्टीत कोणी एकच खलनायक नाही. प्रत्येकाला आणखी एक सामना हवा असतो आणि प्रत्येकाजवळ त्यासाठी चांगले कारणही असते. सगळ्या चांगल्या कारणांची बेरीज मात्र एका माणसाच्या पाठीवर येऊन पडते.

पाठीचा कणा खोटे बोलत नाही

हे 'पाठीवर' अक्षरशः खरे आहे. हाड हे दगडासारखे निर्जीव नसते. ताण पडला की त्यात सूक्ष्म तडे जातात आणि विश्रांतीच्या काळात शरीर ते भरून काढते. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार शरीरावर येतो आणि त्याच क्षणी कंबर वळलेली, वाकलेली असते. तडे भरायला वेळ मिळाला नाही तर एक दिवस हाडच मोडते. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स २०११ साली अठराव्या वर्षी पहिली कसोटी खेळला आणि सामनावीर ठरला. त्याची दुसरी कसोटी झाली ती मार्च २०१७ मध्ये, आपल्या रांचीला! मधली पाच-सव्वापाच वर्षे मुख्यतः पाठीच्या दुखापतींनी खाल्ली.

आपला जसप्रीत बुमराह पाठीच्या दुखण्यामुळे २०२२ चा टी-२० विश्वचषक खेळू शकला नाही. २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने पाच कसोटींत दीडशेहून अधिक षटके टाकून ३२ बळी घेतले. आणि सिडनीच्या शेवटच्या डावात, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज होती, तेव्हा तो गोलंदाजी करू शकला नाही.

मनाचा थकवा तर दिसतही नाही. २००६ मध्ये इंग्लंडचा मार्कस ट्रेस्कॉथिक भारताचा दौरा अर्धवट सोडून घरी गेला. २०१९ मध्ये ग्लेन मॅक्सवेलने आणि २०२१ मध्ये बेन स्टोक्सने मनःस्वास्थ्यासाठी खेळ थांबवला. ही माणसे दुबळी नव्हती. आपण दमलो आहोत हे सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखवले.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. दोन्हींत तथ्य आहे, म्हणून ते नीट ऐकले पाहिजेत.

पहिला आक्षेप पैशाचा. 'कोट्यवधी रुपये घेतात, मग तक्रार कसली? आयपीएल खेळताना थकत नाहीत, देशासाठी खेळतानाच बरे थकतात!' हे बोल आपण अनेकदा ऐकतो. खेळाडूंमध्येही लोभ असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन महिने लीग खेळून मग देशाच्या सामन्यांतून विश्रांती मागणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार चाहत्यांना आहेच.

पण पैसा घेतला म्हणजे माणूस विकला जातो का? आयपीएलच्या खेळाडूनिवडीला आपण सरळ 'लिलाव' म्हणतो. अमुक 'विकला गेला', तमुक 'विकला गेला नाही' असे सहज बोलतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने शिकवले की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते; आणि जिला प्रतिष्ठा आहे तिची किंमत ठरवता येत नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक लिहिले. कामगाराने करार राजीखुशीने केला, एवढ्यावरून तो न्याय्य ठरत नाही, असे त्यांनी त्यात मांडले. मालक आणि कामगार यांच्या प्रत्येक करारात, लिहिलेली असो वा नसो, एक अट गृहीतच असते: शरीराला आणि आत्म्याला पुरेशी विश्रांती. आणि ही विश्रांती ज्याची शक्ती जितकी झिजते त्या प्रमाणात असावी, असेही ते सांगतात. त्यांच्या डोळ्यांसमोर खाणकामगार होते. क्रिकेटपटूचे जीवन खाणकामगारासारखे नाही, हे उघड आहे. पण तत्त्व पगाराच्या आकड्याप्रमाणे बदलत नाही. मोठा पगार हा श्रमाचा मोबदला असू शकतो. मोडलेल्या कण्याची ती किंमत होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप कर्तव्याचा आणि तो अधिक गंभीर आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात भारत इंग्लंडमध्ये पाच कसोटी खेळला. पाचपैकी तीनच कसोटी बुमराह खेळेल, असे आधीच ठरले होते. मोहम्मद सिराज मात्र पाचही कसोटी खेळला. त्याने १८५ हून अधिक षटके टाकली, २३ बळी घेतले आणि ४ ऑगस्टला ओव्हलवर शेवटचा बळी घेऊन भारताला सहा धावांनी विजय मिळवून दिला. त्याआधी ऋषभ पंत पायाचे हाड मोडलेले असताना लंगडत फलंदाजीला आला होता. त्यानंतर सुनील गावसकर यांनी म्हटले की 'वर्कलोड' हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून काढून टाकावा. सीमेवरचे जवान थंडीची तक्रार करतात का?

गावसकरांविषयी आपणा सर्वांना आदर आहे. हेल्मेट न घालता वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उभा राहिलेला माणूस असे बोलतो तेव्हा त्याला तो अधिकार असतो. सिराजला पाहून आपलाही ऊर भरून आला. त्यागाशिवाय काहीच मोठे घडत नाही, हे ख्रिस्ती माणसाला वेगळे सांगायला नको.

तरी एक फरक लक्षात घेतला पाहिजे: त्याग करणे वेगळे आणि त्याग करायला लावणे वेगळे. सिराजचा त्याग मोठा आहे, कारण तो सिराजने स्वतः दिला. तोच नियम करून इतरांवर लादला तर त्यातले मोठेपण निघून जाते, उरते ती सक्ती. आणि जवानाचे म्हणाल तर त्यालाही रजा असते, पहाऱ्याच्या पाळ्या असतात. न झोपलेला पहारेकरी शूर असला तरी छावणीला धोकाच असतो. शिवाय सीमेवरची थंडी कोणी टेबलाभोवती बसून ठरवलेली नसते. सामन्यांचे वेळापत्रक मात्र माणसांनीच ठरवलेले असते आणि ते वेगळे ठरवता आले असते. टाळता येण्याजोग्या कष्टांना त्याग म्हणून गौरवायचे, ही सोय फार जुनी आहे. लोकांच्या खांद्यांवर जड ओझी बांधून स्वतः बोटही न लावणाऱ्या शास्त्री-परुश्यांना प्रभू येशूने याच कारणासाठी खडसावले. त्याने स्वतःचा क्रूस उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे लादणाऱ्यांची बाजू मात्र कधी घेतली नाही.

विश्रांती कशासाठी?

आता खेळाडूंना विश्रांती दिलीच जात नाही असेही नाही. मंडळे त्यासाठी तज्ज्ञ नेमतात, षटके मोजतात, आलेख काढतात. हे चांगलेच आहे. पण यामागचा विचार काय असतो? पुढच्या मोठ्या स्पर्धेसाठी 'मालमत्ता' शाबूत राहावी. गाडी बिघडू नये म्हणून तिचे तेल बदलावे तसे. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडचा संघ १२, १४ आणि १७ तारखेला भारताविरुद्ध तीन एकदिवसीय सामने खेळला आणि १९ तारखेला दक्षिण आफ्रिकेविरुद्धची मालिका सुरूही झाली. त्याच दिवशी बेन स्टोक्स एकदिवसीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. पेट्रोल भरले की पुन्हा धावायला तयार, अशा आपण मोटारगाड्या नाही, असे तो तेव्हा म्हणाला. पुढच्या वर्षी विश्वचषकासाठी तो परतला, हेही खरे. पण त्याचे बोलणे त्यामुळे खोटे ठरत नाही. त्याआधी २०१७ मध्ये कोहलीही म्हणाला होता की मी यंत्रमानव नाही, कापून पाहिले तर रक्तच निघेल.

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल विश्रांती आणि निवांतपणा यांत भेद करतो. विश्रांती म्हणजे पुन्हा कामाला लागता यावे म्हणून घेतलेला दम. निवांतपणा मात्र कामासाठी नसतो, उलट कामच त्यासाठी असते. मुलांबरोबर जेवणे, मित्राशी बोलणे, प्रार्थना करणे, काहीही न करता अंगणात बसणे, ही पुढच्या कामाची तयारी नव्हे. हेच तर जगणे आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाच्या नीतीचा विचार करताना एक जुनी कथा सांगितली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळीमेळीत रमलेले पाहून काही लोकांना नवल वाटले. योहानांनी त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. त्याने अनेक बाण सोडले. 'असेच सतत सोडत राहशील का?' असे योहानांनी विचारल्यावर तो म्हणाला, तसे केले तर धनुष्यच मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी समजावले. या कथेतली गंमत पाहा. त्या काळी खेळ हा ताणलेले धनुष्य सैल करण्याचा मार्ग होता. आज खेळणारेच ताणून ताणून मोडत आहेत. जो खेळ माणसाला विसावा द्यायचा, त्याच खेळापासून आता विसावा मागावा लागतो!

बायबलमधील शब्बाथाची आज्ञाही इथे आठवते. अनुवादाच्या पुस्तकात ती देताना परमेश्वर दासदासींचा, बैलाचा, गाढवाचाही उल्लेख करतो आणि इस्राएल लोकांना स्मरण देतो की तुम्हीही मिसर देशात गुलाम होता. याचा अर्थ खोल आहे. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला थांबता येते तो स्वतंत्र. म्हणून विश्रांती ही उपकार म्हणून दिलेली सवलत नव्हे. माणूस कोणाच्या मालकीचा नाही याची ती खूण आहे.

ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही

नामवंत खेळाडूंचे एक बरे असते. ते 'नाही' म्हणू शकतात. न्यूझीलंडच्या ट्रेंट बोल्टने २०२२ मध्ये कुटुंबाला वेळ देण्यासाठी आणि लीग खेळण्यासाठी मंडळाचा वार्षिक करार सोडला. त्याला ते परवडले. पण संघाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विशीतल्या पोराने काय करावे? 'पाठ दुखते' म्हटले तर त्याची जागा घ्यायला दहा जण तयार असतात. तो गोळी घेतो आणि गप्प राहतो.

मार्च २०२४ मध्ये आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने ही गोष्ट उघडपणे मांडली. रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध शतक ठोकल्यावर तो म्हणाला की दोन सामन्यांमध्ये फक्त तीन दिवसांची फट ठेवून असेच खेळवत राहिलात तर देशभरातील मुले जायबंदी होतील. पालघरहून लोकलने मुंबईला खेळायला येणाऱ्या मुलाचे दिवस त्याने स्वतः काढले आहेत, म्हणूनही त्याला हे दिसले असावे. पुढच्या हंगामात रणजी स्पर्धा दोन टप्प्यांत विभागली गेली. एका बोलण्यानेच ते घडले असे म्हणता येणार नाही. पण ज्याचे ऐकले जाते त्याने ज्याचे ऐकले जात नाही त्याच्यासाठी बोलावे, हा धडा मोलाचा आहे. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत खेळाडूंच्या संघटना आहेत. भारतात २०१९ मध्ये स्थापन झालेली संघटना माजी खेळाडूंची आहे. आज पुरुष संघात खेळणाऱ्यांना एकत्र बसून मंडळाशी बोलण्याची तशी सोय नाही. मोठ्या पगाराचे सुख आहे, पण थकव्याविषयी बोलायला जागा नाही.

आपला वाटा

शेवटी आपल्याकडे वळू या. ११८ कोटींचा सामना विकत घेणारी वाहिनी तो कोणाच्या भरवशावर घेते? आपल्या. रिमोट आपल्या हाती असतो. प्रत्येक सामना पाहायचा, खेळाडू दमलेला दिसला की त्याला आळशी म्हणायचे आणि तो बसला की 'देशप्रेम नाही' म्हणायचे, हे आपणच करतो. कमी सामने, पण मन लावून पाहिलेले, हे पाहणाऱ्याच्याही हिताचे आहे. रोज सणाचे जेवण असेल तर सणाला काय उरले?

पालकांनाही एक विनंती. आपली मुले आज अकादमीत जातात. सकाळी सराव, मग शाळा, संध्याकाळी क्लास, शनिवार-रविवारी सामने, मे महिन्यात शिबिर. मुलगा 'पाठ दुखते' म्हणाला तर ते कारण समजू नका. प्रशिक्षकांशी बोला, डॉक्टरांना दाखवा. आणि त्याला कधीतरी उगाचच खेळू द्या: गुण नसलेले, निवड नसलेले, वाडीतल्या पोरांबरोबरचे खेळणे.

ज्या प्रश्नाने सुरुवात केली तो क्रिकेटपटूंपुरता नाही. पहाटेची लोकल पकडून दादरला फुले-भाजी नेणाऱ्या आपल्या भगिनी, दोन पाळ्या सलग करणारी परिचारिका, इमारतीच्या दारात बारा तास बसणारा वॉचमन, आपल्याच घरी भांडी घासायला येणारी बाई, यांना 'आज दमले' असे म्हणता येते का? म्हटले तर आपण काय उत्तर देतो? खेळाडूच्या विश्रांतीवर मोठमोठ्याने चर्चा करणे सोपे आहे. या आठवड्यात आपल्या हाताखाली किंवा आपल्या घरात राबणाऱ्या एका माणसाला, त्याने मागण्याआधी, एक दिवस मोकळा देऊन पाहू या. पगार न कापता.